उंदराचं शील

मामा, आपलं भांडण अर्धं टाकून तुम्ही निघून गेलात, याचा मला आधी राग आला आणि रडू नंतर. मामीचा फोन आला तेव्हा मी भंडाऱ्याच्या कोर्टात, आवारातल्या झाडाखाली एका बाईला जामिनाचे कागद समजावत उभी होते. "तुह्या मामाले काहीतरी झालं वो," एवढंच ती म्हणाली आणि मागून बायकांचा आवाज ऐकू आला. मी लाखांदूरची एसटी धरली आणि सगळ्या वाटेनं मनातल्या मनात तुमच्याशी वाद घालत आले. पवनी येईपर्यंत मी जिंकत होते. पुढे धानाच्या बांध्या लागल्या आणि लक्षात आलं, आता समोरून उत्तर येणार नाही. मग खिडकीकडे तोंड फिरवून रडले.

वाद कशाचा, हे तुम्हाला सांगायला नको. पण तुमच्या लेकीनं, प्रणालीनंच "लिही ताई, सगळं लिही" म्हटलं आहे, तेव्हा हे चार लोक वाचतील. त्यांच्यासाठी सांगते. तुम्हाला कोर्टात एक शब्द म्हणायचा होता, 'कबूल'. आणि तुमची भाची असलेल्या, तुमचीच वकील असलेल्या या बाईनं तो तुम्हाला म्हणू दिला नाही. पुढच्या तारखेला काही झालं तरी म्हणणारच, असं तुम्ही ठरवलं होतं. तारीख यायच्या आधीच एका दुपारी, कितीतरी दिवसांनी, अंगणातल्या बाजेवर जेवून आडवे झालात, ते उठलाच नाहीत.

बाबा गेल्यावर आई मला घेऊन तुमच्याकडे आली, तेव्हा मी पहिलीत होते. रविवारी सकाळी तुम्ही पांढरा सदरा घालून विहारात जायचे आणि वंदना तुम्हीच घ्यायचे. तुम्ही एकेक शील म्हणायचे, तुमच्या मागून सगळी वस्ती म्हणायची. तुमचा आवाज काही गोड नव्हता, तुमच्या काळीपिवळी जीपमध्ये सवाऱ्या बोलावून बोलावून घोगरा झाला होता. चौथं शील आलं की मी अडखळायचे. मुसावादा वेरमणी. शाळेत बाईंनी नुकताच मूषक म्हणजे उंदीर असं शिकवलं होतं. मी भर विहारात विचारलं, "मामा, या उंदरानं काय केलं?" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. वंदना संपल्यावर मला जवळ घेऊन म्हणालात, "उंदीर नाही माय. खोटं बोलाचं नाही, असं हाय ते."

तेव्हापासून आपल्या घरात खोटं बोलण्याला 'उंदराचं शील मोडणं' हेच नाव पडलं. मी गूळ खाऊन नाही म्हणाले की तुम्ही माझ्या तोंडाकडे निरखून बघायचे. "अवो, ओठातून शेपटी दिसून राहिली नं." मी घाईघाईनं तोंड पुसायचे आणि पकडली जायचे. पुढे मी काळा कोट घातला तेव्हाही तुम्ही सोडलं नाही. "वकीलीनबाई, आता तर तुमच्या घरी उंदराची फौजच राहीन." पाचव्या शीलाला मात्र आपल्या घरात कधी टोपणनाव पडलं नाही. मद्य न पिण्याचं ते शील. ते कोणी मोडतच नव्हतं, तर नाव कशाला पडेल?

मी भंडाऱ्याला शिकायला होते तेव्हा तुम्ही आठवड्याला फेरी काढायचे आणि गाडीतली पुढची सीट माझ्यासाठी रिकामी ठेवायचे. सवाऱ्या मागे एकमेकांच्या मांडीवर बसलेल्या असायच्या आणि कुरकुरायच्या. "ते शीट वकीलीनबाईची हाय," तुम्ही ठणकावायचे, तेव्हा माझी परीक्षाही व्हायची होती. सनद मिळाल्यावर माझा कोट हँगरला लावून तुम्ही गाडीत टांगून नेला, चुरगळू नये म्हणून. त्या कोटानंच पुढे तुमची वाट अडवली.

तुम्ही त्या दिवशी का प्यायलात, हे मला कळलं, पण पटलं कधीच नाही. प्रणालीच्या लग्नानंतरची पहिली मंडई. दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, रात्री नाटक असतं, आणि लेकीच्या सासरचं बोलावणं आलं की जावंच लागतं. तुमसरकडे, जंगलाच्या बाजूचं गाव. तुम्ही मामीला आणि शेजारच्या घरच्यांना गाडीत घालून गेलात. जेवणाआधी समध्यानं, म्हणजे प्रणालीच्या सासऱ्यानं, मोहाची दारू पुढे केली. तुम्ही हात जोडले. तो म्हणाला, "समधी, आमच्या घरचं पानीबी नाही चालत का तुमाले?" बास. एवढ्या एका वाक्यावर तुम्ही ग्लास उचलला. पोरगी नवी, तिला उद्या बोलणी बसतील, म्हणून. पहिल्या ग्लासाला नाही म्हणता आलं नाही आणि दुसऱ्याला नाही म्हणण्याचं तोंड उरलं नाही, असं तुम्हीच मला सांगितलंत.

आणि मग नाटकालाही न थांबता, संध्याकाळच्या आत घरी जाऊ म्हणून, गाडी काढलीत. आयुष्यात कधी न घेतलेल्या माणसाला ती किती चढते याचा अंदाज कुठून असणार? मामी म्हणते, "गाडी सिधी चालत होती वो." चालत असेलही. पण भंडाऱ्याच्या अलीकडे नाकाबंदी होती.

हवालदारानं काच खाली करायला लावली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "घेतली का?" या प्रश्नाला सगळा जिल्हा 'नाही साहेब' म्हणतो. तुम्ही म्हणालात, "हव जी. घेतली." त्यानं यंत्र पुढे केलं, फुंका म्हणाला. तुम्ही मान बाजूला वळवून रस्त्याकडे फुंकलंत. त्यानं पुन्हा सांगितलं, तुम्ही पुन्हा तेच. तो चिडला, त्याला वाटलं म्हातारा चलाखी करतो आहे. तुम्ही म्हणालात, "साहेबाच्या तोंडावर कसा फुकू जी? वास येते." हे मला नंतर त्या हवालदारानंच हसत हसत सांगितलं. मीही हसले असते, पण तेव्हा तुम्ही ठाण्यात भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता.

बाक रिकामा होता. शिपाई म्हणाला, "मॅडम, बाकावर बसा म्हणून किती वेळा सांगितलं, ऐकूनच नाही राहिले." चपला तुम्ही बाहेर काढून आला होता, विहारात काढतो तशा. मामी आणि बाकीचे दुसऱ्या गाडीनं पुढे गेले होते. मला बघून तुम्ही उठला नाहीत. म्हणालात, "गाडीत सहा मानसं होती, बाई. शेजारच्या सुनेचं लेकरू होतं." मी म्हटलं, मामा, आता काही बोलू नका. वकील हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणतो. तुम्हाला मी ते पहिल्यांदा म्हटलं, आणि त्यानंतर म्हणतच राहिले.

जामीन लगेच झाला. हा गुन्हा जामिनाचाच आहे. गाडी ठाण्याच्या आवारात उभी राहिली, लायसन्स जप्त झालं. तुम्हाला वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी कोर्टात जाऊ, हो म्हणू, साहेब जी शिक्षा देईल ती घेऊ आणि घरी येऊ. खरं सांगायचं तर नव्वद टक्के लोक हेच करतात. कबूल करतात, दंड भरतात, मोकळे होतात. बार रूममधले माझे सहकारीही म्हणाले, "कशाला ओढता, मॅडम? करून टाका कबूल."

पण मी कागद वाचले होते, मामा. तुमच्या त्या रस्त्याकडे फुंकण्याच्या घोळात पोलिसांचाही घोळ झाला होता. यंत्रातून निघालेल्या चिठ्ठीवरची वेळ आणि पंचनाम्यातली वेळ जुळत नव्हती. कागदावर बघितलं तर गाडी अडवण्याआधीच तुम्ही फुंकलं होतं. ही केस मी सहज सोडवली असती, आजही सोडवेन. कबूल केलं तर शिक्षेचा शिक्का, लायसन्स निलंबित, सवारी गाडीचा बिल्ला धोक्यात. तुम्हाला दुसरं काय येत होतं? गाडी हेच तुमचं शेत होतं. म्हणून तुमच्याच ओसरीवर मी तुम्हाला पढवलं. साहेब विचारतील, गुन्हा कबूल आहे का? तुम्ही म्हणायचं, कबूल नाही.

"पन पेलो तर होतो नं."

"ते त्यांनी सिद्ध करायचं. कबूल नाही म्हणजे प्यायलो नाही असं नाही मामा. कबूल नाही म्हणजे, तुम्ही सिद्ध करा."

"असं हाय का ते?"

"कायद्यात तसंच आहे."

"मंग मले सांग, मी पेलो का नाही पेलो?"

"मामा, ते कोर्टानं विचारलेलंच नाही."

तुम्ही मामीकडे बघितलंत. मामी तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही. शेवटी म्हणालात, "तू शिकलेली हायेस. तू म्हनशील तसं." समध्याला तुम्ही नाही म्हणू शकला नाहीत, आणि भाचीलाही नाही. दोन्हीकडे तुमच्या माणसांच्या मानाचा प्रश्न होता आणि दोन्हीकडे तुम्हीच अडकलात.

पहिल्या तारखेला तुम्ही विहारातला पांढरा सदरा घालून आलात. मी म्हटलं, साधा घालायचा ना, इथं धूळ असते. शिपायानं नाव पुकारलं. साहेबांनी आरोप वाचून दाखवला, मराठीत, सावकाश, आणि विचारलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी मान हलवली. तुम्ही म्हणालात, "कबूल नाही." इतक्या हळू म्हणालात की साहेबांनी पुन्हा विचारलं आणि तुम्हाला ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. लिहून घेतलं गेलं, पुढची तारीख मिळाली. व्हरांड्यात आल्यावर मी खूश होते. तुम्ही भिंतीशी उभे राहून सदऱ्याची बाही नीट करत म्हणालात, "बाई, आज आपुन उंदराचं शील मोडलं."

'आपुन' म्हणालात. 'मी' म्हणाला असतात तर बरं झालं असतं.

त्यानंतर तारखाच तारखा. कधी हवालदार साक्षीला आला नाही, कधी साहेब रजेवर. गाडी मी अर्ज करून सोडवून आणली, पण "केस सुटल्याशिवाय इस्टेरिंगले हात लावनार नाही," म्हणून तुम्ही ती ताडपत्री टाकून ठेवली. खाली कोंबड्यांनी अंडी घातली. आयुष्यभर रस्त्यावर राहिलेला माणूस घरात बसला. दुकानात जायचं तर मधली गल्ली सोडून शेताच्या धुऱ्यावरून जायचे, म्हणे. कोणी काही बोललं नव्हतं. उलट लोक सांत्वनच करायचे, "होते कधी कधी, भाऊ. कोन नाही पेत?" ते तुम्हाला जास्त लागायचं. एरवी अंगणात पाय न ठरणारे तुम्ही अंगणातूनही आत सरकत गेलात, बाजेवरून ओसरीत, ओसरीतून मागच्या खोलीत. मी फोनवर म्हणायचे, अजून एक-दोन तारखा, मामा. तुम्ही म्हणायचे, "जेलमधी टाकलं असतं तर आतावरी सुटून आलो असतो." गंमत म्हणून म्हणता, असं मी धरून चालले.

विहारातलं मला मामीनं सांगितलं, तेही अगदी अलीकडे. अटक झाल्यावर वंदना घेणं तुम्ही सोडलंत. दुसऱ्याला पुढे बसवून तुम्ही मागे, दाराजवळ बसायला लागलात. सगळ्यांबरोबर शीलं म्हणायचे, पण पाचवं आलं की ओठ मिटायचे. आणि कोर्टात त्या दिवशी जाऊन आल्यावर, चौथं आलं की चौथ्यालाही. तीन म्हणायचे आणि गप्प बसायचे. तुमचा घोगरा आवाज थांबला की कोणाच्याही ध्यानात यावं असं होतं. म्हणून मामी बायकांच्या बाजूला बसून ती दोन शीलं मोठ्यानं म्हणायची. जन्मात कधी तिचा आवाज ओसरीबाहेर गेला नव्हता. "लोकाइले वाटे, म्हातारीले भक्ती आली," ती मला म्हणाली. "मी आपली झाकून राहिली होती."

हे ऐकून मी तुम्हाला फोन केला होता. आठवतं? मी चिडलेच होते. म्हटलं, मामा, अहो शील म्हणजे शिक्षापद, शिकायची गोष्ट, तुटलं तर पुन्हा घ्यायचं असतं, तुम्हीच मला शिकवलंत. तुम्ही म्हणालात, "घ्याले आधी तुटलं म्हना लागते नं, माय. ते तू म्हनू नाही देऊन राहिली." आणि मग, "या खेपेले मी साहेबाले कबूल म्हनीन. तू आडवी येजो नको." आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "पाहू."

आपल्याकडं 'पाहू' म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. माझा तुमच्याशी बोललेला शेवटचा शब्द तो आहे.

तारखेसाठी मामीनं तोच सदरा धुऊन, इस्त्री करून खुंटीला लावला होता. तुम्हाला तोच घातला.

तारखेला मी एकटीच गेले. शिपायानं तुमचं नाव पुकारलं, दारात जाऊन, व्हरांड्याकडे तोंड करून, जसं पुकारतात तसं. मी उठून मृत्यूचा दाखला आणि एका ओळीची पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, दिलं, आरोपी मयत. साहेब भले आहेत, त्यांनी मान खाली घातली, आणि आरोपी मयत झाल्यानं खटला संपल्याचा आदेश लिहायला घेतला. मी म्हटलं, सर, आरोपीला आज कबुली द्यायची होती. त्यांनी वर बघितलं. म्हणाले, "मॅडम, तुम्ही वकील आहात. मयत आरोपीच्या वतीनं कबुली घेता येत नाही, हे मी तुम्हाला सांगायचं का?" नको, सर, म्हटलं. तेव्हा, मामा, कागदावर तुमचं शेवटचं म्हणणं तेच राहिलं. कबूल नाही. तुम्ही दोषी नाही आणि निर्दोषही नाही. चिठ्ठीवरच्या वेळेचा मुद्दा मला मांडावाही लागला नाही. त्या फाइलीवर आता कधीच कोणी काही लिहिणार नाही. मी बार रूममध्ये जाऊन बसले. कोणीतरी चहा आणून ठेवला, "सुटले म्हणायचे मामा," असं म्हणालं. मी हो म्हटलं.

तुमच्याशी मी अजूनही भांडते आहे. वकील म्हणून मी तेच सांगेन जे तेव्हा सांगितलं. उद्या कोणी दुसरा आला, बायको-लेकरं घेऊन, जप्त लायसन्सची पावती घेऊन, तर त्यालाही मी, आधी मला कागद वाचू दे, मगच तोंड उघड, असं म्हणेन. लोक घाबरून कशालाही हो म्हणतात, त्यांच्यासाठीच वकील असतो. हे मी तुमच्यासमोर मांडलं असतं तर तुम्ही ऐकून घेतलं असतं आणि शेवटी विचारलं असतं, "ते सारं बरोबर हाय वो. पन मी पेलो का नाही?" तुम्हाला सुटका हवी होती आणि मी तुम्हाला निर्दोष सोडवायच्या मागे होते. या दोन्ही गोष्टी एकच, असं मला वाटत होतं.

काल तुमच्यामागचा जलदानविधी झाला. विहार भरलं होतं. प्रणालीचे सासरे आले होते, दाराजवळ, तुम्ही बसायचे तिथंच नेमके बसले आणि मान वर काढली नाही. प्रणालीनं त्यांना पाणी नेऊन दिलं. मामी पुढे बसली होती, मी तिला लागून. मेणबत्त्या लागल्या, त्रिसरण झालं, शीलं सुरू झाली. पहिलं, दुसरं, तिसरं. मी सगळ्यांबरोबर म्हणत होते. चौथं आलं, मुसावादा, आणि माझ्या तोंडून ते निघेना. लहानपणी अडखळायचे तिथंच. पण या वेळी मला उंदीर आठवला नाही, व्हरांड्यात बाही नीट करणारे तुम्ही आठवलात. मी ओठ मिटून बसले.

शेजारी मामीनं आवाज चढवला. सवयीनं चढवला की माझं तोंड बघून, मी विचारलं नाही. सगळं विहार भरून जाईल इतक्या मोठ्यानं तिनं चौथं शील म्हटलं, आणि म्हणता म्हणता माझा हात तिच्या पदराखाली ओढून घेऊन घट्ट धरून ठेवला.